टवका उडालेली सावली

१

सोमवारी संध्याकाळी सुतारशाळेच्या भिंतीवर एक सावली रिकामी राहिली आणि मोठ्या बराकीतल्या सगळ्यांच्या आंघोळी बंद झाल्या.

आता सावलीचा आणि आंघोळीचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. सांगतो. हा तुरुंग माणसांना धंदा शिकवणारा. सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम, बागकाम. आत आलेला माणूस बाहेर पडताना हातात काहीतरी घेऊन पडावा, अशी त्यामागची कल्पना. पण सुतारकाम शिकवायचं म्हणजे करवत, रंधा, पटाशी हे सगळं ज्यांच्या हाती द्यायचं ती माणसं काही देवळातून उचलून आणलेली नसतात. म्हणून भिंतीवर एक मोठी पांढरी फळी असते आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची त्याच्याच मापाची काळी सावली रंगवलेली असते. काम संपलं की हातोडी हातोडीच्या सावलीवर टांगायची, करवत करवतीच्या. मग दारातूनच फळीवर नजर फिरवायची. कुठे नुसतं काळं दिसलं, की हत्यार गायब.

सोमवारी काळं दिसलं. रुंद पात्याची, आखूड मुठीची एक पटाशी जागेवर नव्हती.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. भोंगा वाजला, कोठड्या बंद झाल्या, गाद्या उसवल्या गेल्या, गटारात हात घातले गेले. लाकडाचा भुसा चाळून झाला. पटाशी काही मिळेना. आणि ती मिळेपर्यंत मोठ्या बराकीला आंघोळ नाही, घरी फोन नाही, अंगणात फिरणं नाही, असा हुकूम निघाला.

संशय कुणावर घ्यायचा याला फार डोकं लागलं नाही. हत्यारं वाटायची आणि परत टांगायची जबाबदारी ज्या कैद्याकडे होती, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तिशी उलटलेला, कमी बोलणारा, हाताला चांगलं वळण असलेला. गुरुवारी त्याचं प्रकरण समितीपुढे यायचं होतं. समितीनं हो म्हटलं की तो खुल्या तुरुंगात जाणार, तिथून रविवारी घरी. त्याची मुलगी तो आत आला तेव्हा रांगत होती, आता शाळेत जायची. बापाला तिनं कायम एका टेबलापलीकडे बसलेलं पाहिलं होतं.

आणि गुरुवार परवावर आलेला असताना मंगळवारी मिस्त्रीच्या कोठडीत सुरक्षा अधिकाऱ्यांना एक लाकडी बदक सापडलं.

२

बुधवारी सकाळी पाहणीबाई आल्या.

हे नाव त्यांना कैद्यांनीच ठेवलेलं. त्या तुरुंगाच्या नोकर नव्हेत. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्या, आणि आत माणसांना नीट वागवतात की नाही हे बाहेरच्या माणसांनी जाऊन बघायचं, अशा मंडळावर गेल्या. बिनपगारी काम, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा. न सांगता यायचं, हवं ते दार उघडायचं, हव्या त्या कैद्याशी एकटीनं बोलायचं, आणि जे दिसलं ते लिहायचं. घरून निघताना त्यांचे यजमान रोज तेच म्हणत, "तुरुंगात जायचं म्हटलं की हिच्या चेहऱ्यावर माहेरी निघाल्यासारखा आनंद." त्यावर बाई म्हणत, "माहेरी तरी कुठे एवढे लोक माझं ऐकायचे?" आणि चपला घालून निघत.

मोठ्या बराकीत शिरल्याबरोबर वासानंच त्यांना कळलं की इथे काहीतरी बिनसलंय. दारादारातून आवाज आले. "बाई, अंगाला खाज सुटलीय." "बाई, आईचं ऑपरेशन झालं, कसं झालं तेही कळलं नाही." एकानं तर, "बाई, माझा शेजारी माणूस आहे की बकरा तेवढं ठरवून जा," असं सांगितलं. बाई प्रत्येक दारापाशी थांबल्या. मग थेट सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या.

या अधिकाऱ्यांना कैदी मोजणीसाहेब म्हणत, कारण ते जिथे जातील तिथे काहीतरी मोजत. माणूस वाईट नव्हता. नियमाच्या बाहेर पाऊल टाकलं की आपण पडू, असं वाटणारा होता, इतकंच.

"मॅडम, हा सुरक्षेचा विषय आहे," ते म्हणाले. "तुमच्या अखत्यारीतला नाही."

"अगदी बरोबर," बाई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "माझ्याकडे आंघोळीचा विषय. पण तुम्ही आंघोळ पटाशीच्या दाव्याला बांधलीत. आता गाय माझी आणि दावं तुमचं, तर मी दाव्याला हात नको का लावू?"

साहेबांना हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. "विचारा."

"पटाशी होती हे नक्की?"

"म्हणजे काय. फळी शुक्रवारी आणि शनिवारी नव्यानं रंगवली. वाळत होती तेव्हा मी स्वतः एकेक सावली मोजून नवी यादी केली. जुनी फाडून टाकली. दोन याद्या म्हणजे घोळ." ते पुढे वाकले. "आणि त्याच्या कोठडीत हे मिळालं. लाकडावर काम केलेलं. हत्याराशिवाय होतं का हे?"

त्यांनी टेबलावर बदक ठेवलं. मुठीत मावेल एवढं, मान किंचित वळवलेलं, गुळगुळीत. बाईंनी ते उचललं, खिडकीकडे नेलं, पोटापाठीवरून अंगठा फिरवला.

"साहेब, पटाशीनं लाकूड कापलं की सपाट काप पडतो. इथे एक तरी काप दाखवा. हे सगळं घासून घासून केलंय. कॉलेज करायला लागतो तेवढा वेळ गेला असेल याला."

साहेबांनी बदक उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "बदक सोडा. फळी खोटं बोलते का?"

"चला, फळीलाच विचारू," बाई म्हणाल्या.

३

सुतारशाळेत लाकडाचा आणि ताज्या रंगाचा वास होता. नवे मास्तर दाराशीच उभे होते. जुने मास्तर गेल्या महिन्यात निवृत्त झाले, आणि हे आल्या आल्या ही आफत. रात्रभर झोप नसल्याचं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मी सोमवारी सकाळी हत्यारं कपाटातून थेट टेबलावर दिली," त्यांनी विचारायच्या आधीच सुरू केलं. "रंग पक्का वाळावा म्हणून फळीला हात लावला नव्हता. तुकडीही त्याच दिवशी नवी आली, सगळी पोरं पहिल्यांदाच इथे. जुना म्हणावा असा एकटा मिस्त्री. संध्याकाळी त्यानंच टांगली, आणि..."

"आणि एक जागा उरली."

"हो. त्यानंच मला हाक मारून दाखवली."

बाई फळीकडे बघत होत्या. काम देखणं होतं, यात शंका नाही. एकेका सावलीची कड अशी, की छापल्यासारखी. आणि मधोमध ती रिकामी जागा. सरळ मूठ, खाली रुंद होत गेलेलं पातं. पात्याचा उजवीकडचा खालचा कोपरा मात्र खाल्ल्यासारखा होता, जणू उंदरानं एक घास घेतलाय.

"हे काय?"

"ब्रश हलला असेल," साहेब म्हणाले.

"बाकी कुठेच हललेला नाही तो," बाई पुटपुटल्या आणि आणखी जवळ गेल्या. प्रत्येक सावलीच्या वर हत्यार टांगायचा हुक होता. सगळ्या हुकांच्या बुडाशी पांढऱ्या रंगाचे ओघळ वाळले होते. या एका हुकावर रंगाचा टिपूसही नव्हता, लखलखीत होता. बाई मास्तरांकडे वळल्या, पण तेवढ्यात साहेबांचा वायरलेस खरखरला आणि मास्तर दचकून तिकडे बघायला लागले. बाईंनी प्रश्न तोंडातच ठेवला. आधी ज्याच्यावर आळ आलाय त्याला भेटू, असं त्यांनी ठरवलं.

मिस्त्री कोठडीत पलंगाच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली. बाईंना बघून उठला, स्वतः उभा राहून त्यांना बसायला जागा करून दिली.

"पटाशी घेतलीस?"

"नाही, बाई."

"कुणी घेतली माहीत आहे?"

"कुणीच नाही."

"हे तू इतक्या खात्रीनं कसं सांगतोस?"

तो खाली बघायला लागला. बाईंनी आयुष्यभर वर्गात पोरं पाहिली होती. खोटं बोलणारं पोर पटकन बोलतं. कुणाला तरी पाठीशी घालणारं पोर असं खाली बघत बसतं.

"उद्या समिती आहे. तू असाच तोंड शिवून बसलास तर ते तुला पाठवणार नाहीत."

"पुढच्या खेपेला जाईन."

"आणि लेक?"

"तिला बदकाचं सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं हळूच विचारलं, "बाई, धाकट्या बराकीकडे जाणार आहात? काका बरे आहेत ना? कुणी त्यांना काही बोललं नाही ना?"

बाई उठता उठता पुन्हा बसल्या. पटाशी हरवली सुतारशाळेत, कोंडून पडला हा, आणि याला काळजी कुणाची तर धाकट्या बराकीतल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याची?

४

धाकटी बराक वयस्कर कैद्यांची. तिचा या भानगडीशी संबंध नव्हता, म्हणून तिथे दारं उघडी होती. रंगकामाच्या खोलीत काका एका खिडकीच्या चौकटीला रंगाआधीचं अस्तर देत होते. तुरुंगातल्या सगळ्या पाट्या, दारं, रेषा, सावल्या त्यांच्या हातच्या. पुढच्या महिन्यात सुटणार होते. बाहेर एका ठेकेदारानं काम द्यायचं कबूल केलं होतं, फक्त इथला दाखला हवा होता.

बाई दारात उभ्या राहिल्या. काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

"काय काका, ओळख विसरलात?"

"अरेच्चा, तुम्ही होय," काका लगेच उठले. "बोलला नाहीत, मग कळणार कसं?"

बाईंना हे ठाऊक होतं. काकांचा चष्मा बाई इथे यायच्या आधीच अंगणात कुणाच्या तरी पायाखाली चुरडला. जवळचा आणि लांबचा, दोन्ही नंबर त्यातच होते. मंडळावर आल्यापासून बाई दर अहवालात लिहीत, "रंगकाम करणाऱ्या कैद्याचा चष्मा अजून मिळालेला नाही." आणि दर वेळी उत्तर येई, विषय विचाराधीन आहे. त्याहून जास्त लिहू नका, अशी काकांनीच हातापाया पडून गळ घातली होती. दिसत नाही म्हणून कळलं की ब्रश काढून घेतील, आणि दाखल्यावर पाणी.

"फळी पाहिली मी आत्ता. सुरेख झालीय," बाई म्हणाल्या. "एवढी सरळ कड काढता कशी?"

काका खुलले. "ते माझं गुपित. बोटानं काढतो. फळी खाली आडवी टाकायची. तिच्यावर हत्यारं मांडायची. डावं बोट कडेकडेनं फिरवायचं, मागनं पेन्सिल, दाबून, म्हणजे रंग भरताना रेघ बोटाला लागते. बोट फसत नाही, बाई. डोळा फसतो. लोखंडाला जिथे वळण तिथे माझ्या रेषेला वळण."

"ब्रश हललाय म्हणाले साहेब एका ठिकाणी."

"माझा? त्यांना म्हणावं, हात कापून देईन."

"आणि जुना रंग आधी खरवडून काढला असेल ना?"

"तर. तिथेच बसून खरवडला. त्याशिवाय नवा धरतो का?" त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे खिळ्याला त्यांची अवजारं टांगली होती. ब्रश, डबा, आणि फटीत लांबीचा लगदा भरायची, रंग खरवडायची, आखूड मुठीची रुंद लोखंडी पत्ती.

बाई पत्तीकडे बघतच राहिल्या. तिचा उजवीकडचा खालचा कोपरा तुटलेला होता.

बाईंना आनंद झाला, पण तो क्षणभरच. हे सांगितलं तर मिस्त्री सुटतो, बराक आंघोळ करते. पण सांगायचं म्हणजे काकांना दिसत नाही हेही सांगणं आलं. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी एक स्टूल ओढलं आणि काकांसमोर बसल्या. त्यांच्या पाठीमागे काही करायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. काका ऐकत गेले तसा त्यांच्या हातातला ब्रश खाली खाली आला.

"म्हणजे ते पोरगं माझ्यापायी कोंडून पडलंय?"

"त्याला कळलंय, काका. फळीवर तशी सावली आधी नव्हती हे त्याला एकट्यालाच माहीत. म्हणून गप्प आहे."

"गाढव आहे," काका म्हणाले. "लिहायला वाचायला शिकवलं त्याला मी, आणि अक्कल द्यायची राहिली." मग त्यांनी हात फडक्याला पुसले आणि भिंत चाचपत दाराकडे निघाले. "चला बाई. दाखला गेला खड्ड्यात."

५

दुपारी फळीसमोर सगळे जमले. तुरुंगाचे अधीक्षक, मोजणीसाहेब, नवे मास्तर, दोन शिपायांच्या मध्ये मिस्त्री, आणि बाईंच्या दंडाला धरून काका. काकांना बघताच मिस्त्रीचा चेहरा उतरला.

"साहेब," बाईंनी मोजणीसाहेबांना विचारलं, "तुम्ही यादी कशावरून केलीत? हत्यारांवरून की सावल्यांवरून?"

"सावल्यांवरून. हत्यारं कपाटात होती. आणि फरक काय? जितक्या सावल्या तितकी हत्यारं."

"मास्तर, हा लखलखीत हुक कुणी लावला?"

मास्तर गोंधळले. "मी. सोमवारी सकाळी. या एकाच सावलीवर हुक नव्हता. रंगवताना पडला असेल म्हटलं, लगेच नवा बसवला. तपासणीत उगाच उणं निघायला नको."

"पडला नव्हता. कधी नव्हताच. कारण इथे टांगायचं असं काही कधी नव्हतं." बाईंनी हात पुढे केला. शिपायानं धाकट्या बराकीतून आणलेली पत्ती त्यांच्या हातात दिली. "काकांनी जुना रंग खरवडला, नवा पांढरा वाळल्यावर त्याचे थेंब खरवडले, पत्ती तिथेच फळीवर टेकवली, आणि मग मांडलेल्या हत्यारांभोवती बोट फिरवत गेले. बोटाला पटाशीही लोखंड, पत्तीही लोखंड. पुढे पत्ती घरी गेली. सावली इथे राहिली."

त्यांनी पत्ती फळीवर धरली. मूठ मुठीवर बसली, पातं पात्यावर. तुटलेला कोपरा खाल्लेल्या कोपऱ्यावर असा बसला, की काळ्याची रेघसुद्धा उरली नाही.

मोजणीसाहेब पुढे आले, पत्ती काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. प्रामाणिक माणूस. तीन दिवस आपण जी शोधत होतो ती वस्तू जगात नव्हतीच, हे पचायला त्यांना जरा वेळ लागला.

"तू का बोलला नाहीस?" अधीक्षकांनी मिस्त्रीला विचारलं.

"जागा दाखवली तेव्हा ध्यानात आलं नव्हतं, मग तो तुटका कोपरा ओळखला. मला वाटलं, शोधतील, मिळणार नाही, सोडून देतील." तो अडखळला. "काकांना दिसत नाही कळलं तर ब्रश जाईल, साहेब. महिन्यावर आलीय सुटका."

"माझं मी बघून घेतलं असतं," काका गुरगुरले. "पोरीला काय सांगणार होतास?"

अधीक्षक काकांकडे वळले. "बोटानं काढलंत हे सगळं? अख्खी फळी?" त्यांनी करवतीच्या सावलीच्या दात्यांवरून स्वतःचं बोट फिरवलं. त्यांना काय बोलावं ते सुचेना.

बाईंना सुचलं. "साहेब, एका चष्म्याचा विषय तुमच्याकडे विचाराधीन आहे. तो विचार करता करता अख्ख्या बराकीची आंघोळ गेली, एकाचा गुरुवार जाता जाता राहिला, आणि मास्तरांची झोप गेली. मी अहवालात हेच लिहिणार. शेवटचं वाक्य काय लिहू, तेवढं तुम्ही सांगा."

अधीक्षकांनी घसा साफ केला. "लिहा, या आठवड्यात चष्मा मिळेल. आणि ब्रश काकांच्याच हातात राहील." मग मोजणीसाहेबांकडे बघून म्हणाले, "बराक उघडा."

साहेब दाराशी जाऊन परत फिरले. खिशातून त्यांनी लाकडी बदक काढलं आणि मिस्त्रीच्या तळहातावर ठेवलं. "काप एकही नाही," ते म्हणाले. "मी बघितलं नीट."

थोड्याच वेळात मोठ्या बराकीतून पाण्याचा आवाज यायला लागला आणि त्यात कुणीतरी बेसूर गात होतं. बाईंना इतकं बरं वाटलं की त्या अंगणातल्या बाकावर बसून ते गाणं ऐकत राहिल्या.

६

गुरुवारी समितीनं हो म्हटलं. मिस्त्रीचा निघायचा दिवस पुढच्या आठवड्यात ठरला, आणि त्या सकाळी बाई मुद्दाम आल्या.

काका फाटकाजवळच्या रेषा रंगवत होते. नाकावर नवा कोरा चष्मा. बाई काही न बोलता समोर उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या बाई?"

"मीच."

"आवाजावरून मी आपली चाळिशीची समजत होतो."

"घ्या. चष्मा मिळवून दिला त्याचं हे फळ," बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले. घरी यजमानांना हे सांगायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"फळी बघून आलो," काका म्हणाले. "तो कोपरा आहे बरं का, हुबेहूब. पुसू का विचारलं तर मोजणीसाहेब म्हणाले, राहू दे. हुक तेवढा काढलाय. रोज संध्याकाळी ते येतात, त्या सावलीसमोर जरा थांबतात आणि मग मोजायला लागतात."

तेवढ्यात मिस्त्री आला, हातात एक पिशवी. काकांच्या पाया पडायला वाकला, तर काकांनी त्याला मध्येच धरलं आणि चष्म्यातून त्याचा चेहरा जवळून बघितला, बराच वेळ. "दाढी नीट करत जा," ते म्हणाले.

फाटक उघडलं. खुल्या तुरुंगाची गाडी कोपऱ्यावर उभी होती आणि गाडीपर्यंत घरच्यांना येऊ देतात. मिस्त्री रस्त्यानं चालत गेला. काका ब्रश खाली ठेवून फाटकाच्या गजांशी उभे राहिले.

"कोपऱ्याशी एक बाई आहे," ते म्हणाले. "शेजारी एक मुलगी. निळा फ्रॉक घातलाय." त्यांनी चष्मा काढला, बाहीला पुसला, परत लावला. "तो खाली बसला. पिशवीतून काहीतरी काढतोय. बदक असणार." पाहणीबाई काकांच्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनाही ते सगळं दिसत होतं, पण त्यांनी काकांनाच सांगू दिलं.

"मुलीनं घेतलं," काका म्हणाले. "आता त्याचा हात धरलाय तिनं."